ऊर्जेचा जमाखर्च

प्रस्तावना

रस्त्याच्या कडेला खांबांवर बसवलेले रोहित्र तुम्ही पाहिले असेल. बोलीभाषेत त्याला 'ट्रान्सफॉर्मर' म्हणतात. अशी उपकरणे विजेच्या जाळ्यात बसवण्यापूर्वी अभियंते संगणकावर एक हिशेब करून पाहतात. आकाशातून वीज कोसळली किंवा जाळ्यातील एखादी कळ अचानक उघडली-मिटली, तर उपकरणावर किती ताण येईल, याचा तो हिशेब असतो. मात्र कधी कधी हा हिशेब विलक्षण चुकतो. समीकरणे मोजमापांशी नेमकी जुळतात, तरीही त्यांतून निघणारे उत्तर निसर्गनियमांच्या विरुद्ध जाते. असे का घडते आणि ते टाळण्यासाठी कोणती अट पाळावी लागते, हे प्रस्तुत वैज्ञानिक लेखात सांगितले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• गणिती प्रतिमान आणि सदृशीकरण या संकल्पना स्पष्ट करू शकाल;
• 'स्थैर्य' आणि 'निष्क्रियता' यांतील फरक उदाहरणासह सांगू शकाल;
• मोजमापांशी जुळणारे प्रतिमानही चुकीचे कसे ठरते, हे विशद करू शकाल;
• शास्त्रीय लेखनातील पारिभाषिक शब्दांचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

एखादी वस्तू प्रत्यक्ष घडवण्यापूर्वी ती कशी वागेल, हे जाणून घेण्याची गरज माणसाला नेहमीच भासत आली आहे. विद्युत अभियंता हे काम समीकरणांच्या साहाय्याने करतो. परिपथातील रोधक, धारित्र, तारेचे वेटोळे या घटकांच्या जागी तो त्यांचे वर्तन सांगणारी समीकरणे मांडतो. समीकरणांच्या या समूहाला 'गणिती प्रतिमान' असे म्हणतात. ही समीकरणे संगणकावर क्षणाक्षणाने सोडवत जाणे म्हणजे 'सदृशीकरण' होय. व्यवहारात त्यासाठी 'सिम्युलेशन' हा शब्द रूढ आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात लॉरेन्स नेगेल आणि त्यांचे मार्गदर्शक डोनाल्ड पेडरसन यांनी घडवलेली 'स्पाइस' ही संगणक-प्रणाली १९७३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यापासून निघालेल्या अनेक प्रणाली आजही या कामासाठी वापरल्या जातात.

प्रतिमाने अनेक प्रकारची असतात. त्यांतील 'रेषीय' प्रतिमान सर्वांत सोयीचे. कारण दुप्पट झाले की परिणामही दुप्पट होतो, हे रेषीय प्रतिमानाचे लक्षण आहे. विभवांतर दुप्पट केले की विद्युतधारा दुप्पट होते. कितीतरी उपकरणे त्यांच्या नेहमीच्या मर्यादेत असेच वागतात. म्हणून रेषीय प्रतिमानांचा वापर सर्वत्र आढळतो.

साध्या परिपथाचे प्रतिमान त्याचे घटक मोजून तयार करता येते. रोहित्राच्या बाबतीत मात्र ते अवघड असते. त्याच्या आत तारेचे शेकडो वेढे असतात. प्रत्येक वेढ्याचा शेजारच्या वेढ्याशी आणि बाहेरच्या टाकीशी विद्युतसंबंध असतो. हे सर्व संबंध आत शिरून मोजणे शक्य नसते. म्हणून अभियंते वेगळा मार्ग धरतात. रोहित्राच्या बाहेर आलेल्या अग्रांवर ते निरनिराळ्या वारंवारतेचे लहान विभवांतर लावतात आणि प्रत्येक वेळी किती धारा वाहते, ते नोंदवतात. नोंदींच्या या बिंदूंमधून जाणारे सूत्र शोधले की तेच रोहित्राचे प्रतिमान ठरते. असे सूत्र शोधण्याची एक प्रभावी रीत ब्यॉर्न गुस्तावसेन आणि अ‍ॅडम सेम्लेन या संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केली. ती 'व्हेक्टर फिटिंग' या नावाने ओळखली जाते.

स्थैर्य आणि निष्क्रियता

सूत्र मिळाले म्हणजे काम संपले असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

देवळातील घंटेवर एक टोल दिला की नाद घुमतो आणि हळूहळू विरून जातो. धक्का मिळाल्यावर स्वतःची आंदोलने कालांतराने शमणे या गुणाला 'स्थैर्य' म्हणतात. प्रतिमानालाही हा गुण हवा. व्हेक्टर फिटिंगच्या रीतीत सूत्राची रचना अशी राखता येते, की हा गुण त्यात निश्चितपणे येतो.

दुसरा गुण याहून सूक्ष्म आहे. पाण्याचा रांजण डोळ्यांसमोर आणावा. रांजणात पाणी ओतता येते, त्यातून काढता येते, थोडे पाझरूनही जाते. परंतु आजवर जेवढे ओतले त्यापेक्षा अधिक पाणी त्यातून कधीही काढता येत नाही. रोधक, धारित्र, वेटोळे आणि त्यांच्यापासून बनलेले रोहित्र ही ऊर्जेच्या बाबतीत अशीच असतात. धारित्र आणि वेटोळे ऊर्जा साठवून परत देतात, रोधक तिचे उष्णतेत रूपांतर करतो. पण नवी ऊर्जा कोणीच निर्माण करत नाही. या गुणाला 'निष्क्रियता' असे नाव आहे. व्यवहारात 'निष्क्रिय' हा शब्द दोष दाखवण्यासाठी वापरला जातो. परिपथशास्त्रात मात्र तो एक प्रामाणिक गुण आहे. जमेपेक्षा खर्च अधिक न करणे, एवढाच त्याचा अर्थ.

रोहित्राला दोनच नव्हे, तर अनेक अग्रे असतात. एका बाजूने ऊर्जा आत येते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाते. एखाद्या अग्रातून ऊर्जा बाहेर पडणे हा दोष नव्हे. हिशेब सर्व अग्रांचा एकत्र करावा लागतो. एकत्र कुटुंबात एखाद्याचा खर्च त्याच्या मिळकतीपेक्षा अधिक असू शकतो, पण साऱ्या घराचा जमाखर्च जुळला पाहिजे, तसेच हे आहे.

स्थैर्य आणि निष्क्रियता हे दोन गुण एकच नाहीत. स्थिर प्रतिमान एकटे असताना शांत राहते. पण विशिष्ट वारंवारतेला ते गुपचूप थोडी ऊर्जा बाहेर टाकत असेल, तर त्याचा दोष एकटेपणी दिसत नाही. दुसऱ्या परिपथाला जोडल्यावरच तो उघड होतो. झोपाळा आपोआप थांबतो. परंतु योग्य लयीत कोणी अगदी हलकासा झोका देत राहिले, तर तो उंच उंच जाऊ लागतो. सदोष प्रतिमान जोडलेल्या परिपथाला असाच झोका देत राहते. याउलट, सर्व घटकांची प्रतिमाने निष्क्रिय असतील तर ती कशीही जोडली, तरी जोडणीही निष्क्रियच राहते. तिच्यातील आंदोलने आपोआप वाढत जाऊ शकत नाहीत. निष्क्रियतेचे खरे महत्त्व येथे आहे.

एका टक्क्याची चूक

हा मुद्दा आकड्यांच्या साहाय्याने अधिक स्पष्ट होईल. एक उपकरण सेकंदाला सुमारे १५९२ आंदोलनांच्या वारंवारतेला १ मायक्रोफॅरड धारित्राप्रमाणे वागते, असे समजू. त्यावर १० व्होल्टचे प्रत्यावर्ती विभवांतर लावले, तर सुमारे १०० मिलिअँपिअर धारा वाहील. ही जवळजवळ सर्व धारा ऊर्जा नुसती आत-बाहेर करते. प्रत्यक्ष शोषणाशी संबंध असलेला भाग फक्त ०.१ मिलिअँपिअर आहे, असे मानू. म्हणजे उपकरण ०.००१ वॅट शक्ती शोषते.

आता याचे प्रतिमान बनवताना केवळ १ टक्क्याच्या आसपास चूक झाली. शोषणाच्या भागाचे मूल्य ०.१ ऐवजी उणे १ मिलिअँपिअर आले. एकूण धारेच्या तुलनेत ही चूक क्षुल्लक वाटते. आलेखावर मोजमापाची रेषा आणि सूत्राची रेषा एकमेकींवर बसलेल्या दिसतात. परंतु चिन्ह बदलले आहे. उपकरण ऊर्जा शोषते, तर त्याचे प्रतिमान ०.०१ वॅट शक्ती बाहेर टाकते.

या प्रतिमानाला १० मिलिहेन्रीचे वेटोळे आणि २०,००० ओहमचा रोधक समांतर जोडले, तर नेमक्या याच वारंवारतेला अनुनाद होतो. रोधक १० व्होल्टला ०.००५ वॅट शोषतो. प्रतिमान मात्र त्याच्या दुप्पट शक्ती पुरवते. शिल्लक ऊर्जा साठत जाते. विभवांतर सुमारे २८ मिलिसेकंदांत दुप्पट होते आणि पाव सेकंदापेक्षा थोड्या अधिक काळात हजार पटींच्या पुढे जाते. परिपथात विजेचा कोणताही स्रोत नसताना हे घडते! प्रत्यक्षातील उपकरण जोडले असते, तर तीच आंदोलने शमून गेली असती.

आकडे असे भरमसाट वाढले की चूक निदान लक्षात तरी येते. खरा धोका निराळा आहे. त्याच जोडणीत २०,००० ऐवजी ५,००० ओहमचा रोधक घेतला, तर तो ०.०२ वॅट शोषतो. प्रतिमानाने टाकलेले ०.०१ वॅट वजा जाता ०.०१ वॅट व्यय उरतो आणि आंदोलने शमतात. उत्तर सरळ, विश्वासार्ह दिसते. प्रत्यक्षात मात्र एकूण व्यय ०.०२१ वॅट असायला हवा होता. म्हणजे संगणकातील आंदोलने खऱ्यापेक्षा दुपटीहून अधिक काळ रेंगाळतात. अशा उत्तरावर विसंबून उपकरणाचे विद्युतरोधन ठरवले, तर तो निर्णय चुकीच्या पायावर उभा राहतो आणि चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. उपकरण जितके चांगले, तितका त्यातील ऊर्जेचा व्यय कमी. व्यय कमी म्हणजे शोषणाचे मूल्य शून्याच्या अगदी जवळ. तेथे मोजमापातील किंवा सूत्रातील किंचित चूकही चिन्ह उलटवण्यास पुरेशी ठरते. म्हणून उत्तम प्रतीच्या उपकरणांची प्रतिमाने बनवताना अधिक सावध राहावे लागते. शिवाय मोजमापे ठरावीक वारंवारतांपर्यंतच केलेली असतात. त्या मर्यादेपलीकडे सूत्र कसे वागेल यावर कोणतेही बंधन नसते आणि तेथेही दोष लपून राहू शकतो.

जुन्या प्रश्नाचे नवे मोल

कोणते सूत्र खऱ्या परिपथाचे असू शकते, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. दूरध्वनीच्या प्रसारासाठी, हव्या त्या वारंवारता जाऊ देणारे आणि नको त्या अडवणारे परिपथ हवे होते. त्यासाठी आधी सूत्र ठरवायचे आणि मग त्याप्रमाणे परिपथ घडवायचा, असा उलटा प्रवास करावा लागे. प्रत्येक सूत्राचा परिपथ घडवता येत नाही, हे लवकरच ध्यानात आले. १९२४ साली रोनाल्ड फॉस्टर यांनी केवळ धारित्रे आणि वेटोळी असलेल्या, म्हणजे ऊर्जेचा व्यय न होणाऱ्या परिपथांपुरते या प्रश्नाचे उत्तर दिले.

रोधक असलेल्या परिपथांचे उत्तर ऑटो ब्रूने यांनी शोधले. दक्षिण आफ्रिकेत वाढलेले आणि स्टेलनबॉश विद्यापीठात शिकलेले ब्रूने १९२६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत गेले. तेथे विल्हेल्म काउअर आणि अर्न्स्ट गिलेमिन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी दाखवले, की दोन अग्रांच्या निष्क्रिय परिपथाचे सूत्र एक विशिष्ट अट पाळते आणि ती अट पाळणाऱ्या प्रत्येक सूत्राचा परिपथ घडवता येतो. अटीचा आशय ऊर्जेच्या भाषेत सांगता येतो. एकसारख्या लयीतील आंदोलने असोत वा वाढत जाणारी असोत, परिपथाने आत घेतलेली ऊर्जा ऋण असता कामा नये. अशा सूत्राला 'धन-वास्तव फलन' म्हणता येईल. ब्रूने यांच्या रचनेत आदर्श रोहित्रांची गरज पडत असे. राऊल बॉट आणि रिचर्ड डफिन यांनी १९४९ साली ती गरजही दूर केली.

परिपथ घडवण्यासाठी शोधलेली ही अट पुढे सदृशीकरणाच्या कामी आली. सूत्राप्रमाणे परिपथ बांधता येईल का, हा एके काळचा प्रश्न होता. संगणकातील सूत्र खऱ्या वस्तूचे असू शकते का, असा तोच प्रश्न नव्या रूपात पुढे आला.

उपाय आणि मर्यादा

निष्क्रियता राखण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे रचनाच अशी करायची, की दोष शिरू नये. संगणकाच्या चिपमधील सूक्ष्म तारांच्या परिपथात हजारो घटक असतात. त्यांचे समीकरण जसेच्या तसे सोडवणे वेळखाऊ असते, म्हणून त्याचे संक्षिप्त रूप वापरतात. पूर्वीच्या काही पद्धतींत असा संक्षेप करताना निष्क्रियता हरवत असे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ साली 'प्रिमा' ही रीत सविस्तर मांडली. तिच्यात समीकरणांची मूळ घडण न मोडता संक्षेप केला जातो. त्यामुळे मूळ परिपथ निष्क्रिय असेल तर त्याचे संक्षिप्त रूपही निष्क्रिय राहते.

दुसरा मार्ग दुरुस्तीचा आहे. मोजमापांवरून बनवलेल्या प्रतिमानांसाठी बहुधा हाच वापरला जातो. आधी दोष कोठे आहे ते शोधायचे. निवडक वारंवारतांवर तपासणी केली, तर दोन बिंदूंच्या मधला अरुंद दोष निसटू शकतो. इटलीतील तोरिनोच्या तंत्रविद्यापीठातील स्तेफानो ग्रिवेत-तालोचा यांनी २००४ साली मांडलेल्या रीतीत एका विशिष्ट सारणीच्या गुणधर्मांवरून दोषाची सुरुवात आणि शेवट नेमके काढता येतात. दोष सापडला की सूत्रातील सहगुणक इतकेच हलवायचे, की ऊर्जेचा हिशेब जुळेल आणि मोजमापांशी असलेले साम्य कमीत कमी बिघडेल. गुस्तावसेन आणि सेम्लेन यांनी अशा दुरुस्तीची एक पद्धत २००१ साली दिली होती.

दुरुस्तीलाही मर्यादा असते. दोष लहान असेल तरच ती योग्य. दोष मोठा असताना आकडे ओढूनताणून बसवले, तर प्रतिमान निष्क्रिय होते. पण ते मूळ उपकरणाचे राहत नाही. अशा वेळी मोजमापेच पुन्हा तपासणे श्रेयस्कर. तसेच ही अट सर्व परिपथांना लावायची नसते. ध्वनिवर्धकातील ट्रान्झिस्टर बाहेरच्या वीजपुरवठ्याच्या बळावर लहान संकेत मोठा करतो. त्याचे प्रतिमान निष्क्रिय असणे अपेक्षितच नाही. वस्तू निष्क्रिय असेल तर तिचे प्रतिमानही निष्क्रिय असावे, एवढाच नियमाचा आशय आहे.

मोजमापांशी जुळणे ही प्रतिमानाची पहिली परीक्षा आहे. पण ती पुरेशी नाही. ज्या निसर्गनियमाला मूळ वस्तू बांधलेली आहे, त्याच नियमाला तिचे प्रतिमानही बांधलेले असले पाहिजे. निर्णय संगणकाच्या उत्तरांवर सोपवताना ही दुसरी परीक्षा घेण्याची जबाबदारी माणसावरच राहते.

शब्दार्थ

रोहित्र – विजेचा दाब कमी-अधिक करणारे उपकरण
अग्र – उपकरणाचे बाहेर आलेले, जोडणीचे टोक
वारंवारता – एका सेकंदात होणाऱ्या आंदोलनांची संख्या
अनुनाद – ठरावीक वारंवारतेला आंदोलने प्रबळ होणे
व्यय – खर्च, येथे ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर
विद्युतरोधन – विजेपासून संरक्षण देणारे आवरण
श्रेयस्कर – हिताचे, अधिक योग्य

स्वाध्याय

१. रांजणाच्या उदाहरणातून लेखात कोणती संकल्पना स्पष्ट केली आहे?
२. स्थिर असलेले प्रतिमान दुसऱ्या परिपथाला जोडल्यावर अस्थिर का होऊ शकते? झोपाळ्याच्या दृष्टान्ताच्या आधारे लिहा.
३. '५,००० ओहमचा रोधक जोडल्यावर मिळणारे उत्तर अधिक धोक्याचे आहे.' या विधानाचे समर्थन करा.
४. उत्तम प्रतीच्या उपकरणाचे प्रतिमान बनवताना अधिक सावधगिरी का लागते?
५. 'निष्क्रिय' या शब्दाचा व्यवहारातील आणि परिपथशास्त्रातील अर्थ सांगून प्रत्येकी एक वाक्य लिहा.
६. 'स्थैर्य', 'विश्वासार्ह', 'समांतर' आणि 'संक्षिप्त' या शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.